फिट पाहिली कोणी?

आमच्या इकडे फिटचा पेशंट आला की सोबत सहा माणसं येतात अन् त्या सहांपैकी एकानंही फिट पाहिलेली नसते. ज्यानं पाहिली तो वावरात असतो, नाहीतर शाळेत, नाहीतर ती घरातली बुढी असते जिला "तुले काय समजते, घरी राह्य" म्हणून सोडून आलेले असतात. मी विचारतो, पाहिली कोणी? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, अन् मग कोणीतरी पिशवीतून एमआरआयचा तो मोठ्ठा लिफाफा काढून टेबलावर ठेवतो, जसं काही फिट त्यातच बांधून आणली आहे.

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला माझा दवाखाना आहे. मी न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदूचा डॉक्टर नाही, साधा फिजिशियन. न्यूरोलॉजिस्ट म्हटलं की नागपूर, नाहीतर सेवाग्राम, आणि सोयाबीन काढायच्या दिवसांत नागपूरला जा म्हटलं तर माणूस "हाव" म्हणतो अन् दिवाळीनंतर जातो. त्यामुळं फिटच्या बऱ्याच केसेस माझ्याकडेच राहतात, गोळ्या चालू असतात, लेकरं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात. काही केसेस डोक्यातून जातच नाहीत. मित्र कधीचे म्हणत होते लिहून काढ म्हणून लिहितोय. गावं, वयं, नातीगोती सगळी बदलली आहेत, त्यामुळे हा अमक्याचा पोरगा तर नाही ना असा अंदाज लावत बसू नका.

पहिली केस माझ्या चुकीची आहे, ती आधी सांगून टाकतो.

बारावीची पोरगी. प्रिलिमच्या दिवशी सकाळी आंगणात पडली, सगळं अंग झटकलं, जीभ चावली, कपडे ओले झाले. बाप घेऊन आला. आदल्या रात्री अडीच वाजेपर्यंत अभ्यास केला होता हे त्यानं सांगितलं, मी ऐकलं अन् सोडून दिलं. सीटी नॉर्मल. मी कार्बामाझेपिन चालू केली, तेव्हा माझा हात त्याच गोळीवर बसलेला होता, स्वस्त, मिळते, बऱ्याच फिटवर चांगली चालते. महिनाभरानं परत आले. मोठी फिट नव्हती आली पण पोरगी वैतागलेली, म्हणे हात जास्तच उडतात. जास्तच? म्हणजे आधी पण उडत होते? ह्या वेळी आई सोबत होती, ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, इचे हात सकाळी धडच नसते. दिवाळीपासून चार कप फोडले पोट्टीनं. मी म्हणो, रातभर मोबाइल पाहते म्हून हातात जीव नाई."

चार कप. कंगवा हातातून उडून भिंतीला लागतो, ब्रश करताना पेस्ट आरशावर. हे सगळं ती पोरगी दोन वर्षांपासून करत होती अन् त्यावर बोलणी खात होती. उठल्यावर पहिल्या तास-दोन तासांत हातांना असे विजेसारखे झटके, झोप कमी झाली की जास्त, अन् मग एखाद्या दिवशी मोठी फिट, हे चित्र पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे. ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, यान्झ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९५७ साली नीट मांडलेली, वयात येताना सुरू होणारी. आणि त्याच पुस्तकात हेही लिहिलंय की हिला कार्बामाझेपिन द्यायची नाही, त्यानं हे झटके वाढू शकतात. मला माहीत नव्हतं असं नाही. मी कपांचं विचारलंच नव्हतं.

मी सांगितलं बापाला, गोळी चुकली माझी. तो थोडा वेळ गप्प राहिला अन् म्हणाला, "मंग आता बरोबर द्या." बस्स. मला वाटलं होतं ओरडेल.

बरोबर म्हणजे काय तेही सोपं नव्हतं. ह्या आजाराला सगळ्यात चांगली लागू पडते ती व्हॅल्प्रोएट, पण पोटात बाळ असताना आई ती गोळी घेत असेल तर शंभरातल्या साधारण दहा बाळांना जन्मतः व्यंग असतं, अन् तीस ते चाळीस जणांना पुढे शिकण्या-बोलण्यात अडचण येते. सतरा वर्षांची पोरगी, आमच्या इकडे बारावी झाली की स्थळं यायला लागतात. मी लेव्हेटिरॅसिटाम दिली. झटके थांबले. चिडचिड वाढली, ती ह्या गोळीची खोडच आहे, आईनं सांगितलं आता कप फोडत नाई पण आमचंच डोकं फोडते. डोस थोडा खाली आणला, जमलं.

मग लग्न. "मुलाकडच्यांले सांगाव लागते का जी?" हा प्रश्न मला गोळीच्या किमतीपेक्षा जास्त वेळा विचारला जातो. कायद्याचं सांगायचं तर हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार वेड लागणं किंवा फेफरं येणं हे लग्नाच्या आड येणारं कारण म्हणून एकाच ओळीत लिहिलेलं होतं, १९९९ च्या दुरुस्तीत त्यातलं फेफरं काढलं. पण कायद्याची ती ओळ सुपारी फोडणाऱ्यांच्या बैठकीत कोण वाचतो. ह्यांनी नाही सांगितलं. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून सासरी गेल्या. हळदीपासून चार रात्री झोप नाही, पाहुण्यांच्या गर्दीत तांदळाच्या डब्यापर्यंत हात पोचत नाही, अन् ह्या आजारात झोप मोडली अन् गोळी चुकली की फिट उधार राहत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आली. मला फोन आला तेव्हा मी मनात म्हटलं, गेलं हे लग्न. चार दिवसांनी नवरा स्वतः घेऊन आला तिला. काळीपिवळी चालवतो, जास्त बोलणारा नाही. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाला, "सर, म्या घरी स्टीलचे गिलास आणले." आता दोन लेकरं आहेत त्यांना. गोळी चालू आहे, तांदळाच्या डब्यात नाही, टीव्हीच्या बाजूला असते.

दुसरी केस महाराजांची. महाराज म्हणजे माळकरी, शेगावची पायी वारी करणारे, चातुर्मासात घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. भजनात टाळ वाजवता वाजवता पडले. गावाला वाटलं अंगात आलं, भजन रंगलं, दोन-चार जण तर पाया पण पडले. माझ्याकडे आणलं तेव्हा पहिलवान भाच्यापासून सरपंचापर्यंत सगळे होते अन् सगळ्यांचं एकच, "एकदम पडले जी." मी म्हटलं बाजूला कोण बसलं होतं? पखवाज वाजवणारा. त्याला बोलावणं पाठवलं, तो संध्याकाळी आला, अन् त्यानं जे सांगितलं ते मला आजवर कोणत्या रिपोर्टनं सांगितलं नाही. म्हणे, "डॉक्टरसाहेब, पडाच्या आंधी यायचा डावा हात तालातून सुटला. उजवा बरोबर होता. डावा आपलाच वाजत होता, मले वाटलं महाराज आज चुकून काहून रायले."

म्हणजे फिट एका हातातून सुरू झाली होती, मग अंगभर पसरली. डावा हात म्हणजे मेंदूची उजवी बाजू, तिथं काहीतरी बसलेलं आहे. सीटी काढला, उजव्या बाजूला छोटीशी अंगठीसारखी गाठ, सेंटिमीटरभर, आजूबाजूला सूज. डुकरातल्या पट्टकृमीची अळी.

हे महाराजांना कसं सांगायचं? मी आपलं हळूच सुरुवात केली तर एकदम उठूनच बसले. "आमच्या सात पिढ्यात कोणी मांसाले हात नाई लावला, अन् तुमी मले डुकराचं सांगून रायले?" भाचा मध्ये पडला. मग मी कागदावर चित्र काढून समजावलं, आता ते चित्र मी डोळे मिटून काढू शकतो इतक्या वेळा काढलंय. डुकराचं कच्चंपक्कं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात लांबलचक जंत होतो, फिट नाही येत त्यानं. पण त्या माणसाच्या शौचातून त्या जंताची अंडी बाहेर पडतात, ती नाल्याच्या पाण्यात जातात, ते पाणी भाजीला जातं, किंवा हात न धुता कोणी स्वयंपाक करतो, अन् ती अंडी ज्याच्या पोटात जातात त्याच्या रक्तातून अळ्या मेंदूत जाऊन बसतात. खाणारा एक, भोगणारा दुसरा. महाराजांना मांस कुठून येणार, त्यांना सांभार म्हणजे कोथिंबीर नडली असणार, न धुतलेली सांभार, कोणाच्या तरी भंडाऱ्यातल्या वरणावर कच्ची टाकलेली.

अशा गाठीला आपल्याकडे खूप वर्षं टीबी समजून टीबीची औषधं दिली जात होती. मग वेल्लोरच्या डॉक्टरांनी काही गाठी काढून तपासल्या तेव्हा त्यात बऱ्याच ठिकाणी ही अळी निघाली, अन् त्यांनीच पुढं आडाखे बांधून दिले की गाठ एकटी असेल, वीस मिलिमीटरपेक्षा लहान असेल, डोक्यातला दाब वाढलेला नसेल, अंगाची ताकद उतरत चाललेली नसेल तर ती बहुतेक अळीचीच समजा. महाराजांचे डोळे आधी तपासून घेतले, कारण अळी डोळ्यात असेल अन् आपण जंताचं औषध दिलं तर नजर जायची भीती. मग अल्बेंडाझोल, सोबत सूज उतरायला स्टिरॉइड, अन् फिटची गोळी. सहा महिन्यांनी सीटीत गाठ नव्हती. महाराज अजून भेटतात, सांभार खात नाहीत आता, मी कितीदा सांगितलं धुऊन खा, शिजवून खा, पण नाही. पखवाजवाल्याला मात्र त्यांनी धोतर-टोपी दिली.

ह्याच्या उलट एक बुढा, सत्तरीचा, त्याचा उजवा हात दोन दिवसांपासून नाचत होता. थांबतच नव्हता, झोपेतही नाही, माणूस शुद्धीत, बोलतो आहे, चहा डाव्या हातानं पितो आहे अन् उजवा हात आपला टिक टिक टिक. घरच्यांना लकवा वाटला. कुठंतरी फिटचं इंजेक्शन झालं होतं, फरक नाही. सिस्टरनं सवयीनं बोटाला टोचून शुगर पाहिली तर मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'हाय'. त्याला शुगर आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. रक्तातली साखर अशी बेसुमार वाढली की काही जणांना एका हाताला नाहीतर तोंडाच्या एका बाजूला सतत झटके येतात, अन् ते फिटच्या औषधानं दबत नाहीत, इन्सुलिन अन् सलाइननं दबतात. दुसऱ्या दिवशी दुपारी हात शांत. बुढ्याला डिस्चार्ज देताना म्हणाला, "म्हंजे मले मिरगी नाई, साखर हाय," आणि इतका खुश झाला की मला साखरेचं पथ्य सांगायला लाजच वाटली.

कापूर खाऊन आलेलं दोन वर्षांचं लेकरू पण असंच. घरात सत्यनारायण, सगळे पाहुण्यांत, लेकरानं आरतीच्या ताटातल्या पांढऱ्या वड्या खडीसाखर समजून तोंडात टाकल्या. अर्ध्या तासात झटके. घरचे म्हणत होते प्रसादात काही झालं, कोणी म्हणे नजर. जवळ घेतलं तर लेकराच्या तोंडाला देवळाचा वास. तेवढाच काय तो पुरावा. कापूर हे झटके आणणारं विष आहे, लहान लेकराला ग्रॅमभरही जिवावर बेतू शकतो, आणि हे इतकं जुनं ज्ञान आहे की १९३४ साली बुडापेस्टमध्ये मेदुना नावाच्या डॉक्टरनं मानसिक रुग्णांना मुद्दाम फिट आणायला तेलातला कापूर टोचला होता. आपल्याकडे मात्र सर्दी झाली की लेकराच्या छातीला कापूर-तेल, कपड्याला कापराची पुरचुंडी, अन् देव्हारा बरोबर त्याच्या हाताच्या उंचीवर. ते लेकरू वाचलं. गोळी चालू करावी लागली नाही, कारण ती मिरगी नव्हतीच.

आता जी सांगतो ती सांगताना अजून थोडं कसंतरी होतं.

सहा महिन्यांचं बाळ, आजीच्या मांडीवर. आणलं होतं सर्दीसाठी. आजी म्हणाली, "आमचं लेकरू लय देवभोळं हाय जी, झोपीतून उठलं का नमस्कार करते. एकापाठी एक, दहा-पंधरा." आणि हसली. सून पण हसली. मी नाही हसलो. मी म्हटलं आत्ता झोपवा इथंच, अन् उठलं की मला आवाज द्या. पाऊण तासानं उठलं. मान एकदम खाली, दोन्ही हात पसरून पुढं, एक सेकंद, मग सैल. परत. परत. मोजले अकरा, अन् शेवटी थोडं रडलं. आजी म्हणाली, पाहा, केला का नाई?

१८४१ साली वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरनं लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं होतं, त्यात अगदी हेच वर्णन आहे, वाकणं, लागोपाठ वाकणं, अन् ते बाळ त्याचं स्वतःचं होतं. कोणाला ह्यावर काही माहीत असेल तर सांगा अशी त्यात विनवणी होती. ह्या झटक्यांना 'सलाम' असंच नाव पडलं. म्हणजे लंडनपासून आमच्या तालुक्यापर्यंत पाहणाऱ्याला सारखंच दिसतं, ते सलाम म्हणतात अन् आम्ही नमस्कार. बरीच लेकरं पोटात दुखते म्हणून ग्राइप वॉटरवर महिना-महिना काढतात, अन् इथं तर एक-एक आठवडा महागात जातो, कारण झटके छोटे दिसले तरी मेंदूची वाढ मागे पडत जाते. हे बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नव्हतं, ते पण तेव्हाच कळलं. त्याच दिवशी गाडी करून सेवाग्रामला पाठवलं. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख झाला, स्टिरॉइड चालू झालं, दोन आठवड्यांत नमस्कार बंद झाले. आजी मला म्हणाली, "म्याच त्याले हासत होती." मी म्हटलं, आजी, तुम्ही बोलल्या म्हणून तर कळलं, सून लाजून काहीच सांगत नव्हती. तिला ते पटलं का नाही माहीत नाही. पोरगं दीड वर्षाचं होऊन बसायला लागलं, चालायला अजून वेळ आहे.

आणि जी फिटच नव्हती अशी एक. नववीतली मुलगी, दोन वर्षांपासून फिटच्या गोळ्यांवर, एक सोडून दोन गोळ्या, तरी पडायची ती पडायचीच. फाइल ही एवढी जाड. कधी पडते? कधी पण, असं बाप म्हणाला. शाळेच्या पीटीच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, कधी पण नाही, पळतानाच पडते, खो-खोत पडली, शंभर मीटरमध्ये पडली, पांढरीफटक होते, दोन-चार झटके देते अन् मिनिटभरात उठून बसते, "सर मी आउट झाली का" विचारते. खऱ्या मोठ्या फिटनंतर माणूस असा लगेच हुशार होत नाही, अर्धा-पाऊण घंटा गुंगीत असतो, डोकं दुखते, झोपतो. ईसीजी काढला, थोडक्या पैशांचं काम. त्यात क्यूटीचं अंतर, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला परत तयार व्हायला लागणारा वेळ, लांबलेलं. हृदयाची लय बिघडून मेंदूला रक्त पोचत नव्हतं म्हणून ती पडत होती. मी विचारलं, घरात कोणी अचानक गेलं का? आई म्हणाली, माझा भाऊ. विहिरीत. "पट्टीचा पवनारा होता जी, कसा बुडला तेच कोणाले समजलं नाई." काही जण म्हणत विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या बाया, आहेत, त्यांनी ओढला. ह्या आजाराच्या एका प्रकारात पोहताना अशी लय बिघडते. मामाचा ईसीजी कोणी कधी काढला नव्हता, आता काय सिद्ध होणार. मुलगी बीटा ब्लॉकर ह्या हृदयाच्या गोळीवर आहे, नागपूरच्या हृदयवाल्यांकडे दाखवते, फिटच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. आईचा अन् धाकट्या भावाचा पण ईसीजी काढला. भावाचा पण लांब निघाला, अन् तो तोवर एकदाही पडला नव्हता.

फिनिटॉइन ह्या फिटच्या गोळीवरचा एक राहिलाच. माणूस झोकांड्या देत चालायचा, जीभ जड, गावानं दारुड्या ठरवला, बायको माहेरी गेली. कोणीतरी शंभरची एक गोळी वाढवली होती, एवढंच. ह्या औषधाचं असं आहे की एका हद्दीनंतर थोडासा डोस वाढला तरी रक्तातलं प्रमाण भसकन वर जातं. डोस कमी केला, माणूस सरळ चालायला लागला. बायको परत यायला मात्र वेळ लागला, अन् हिरड्या सुजलेल्या त्या सुजलेल्याच, त्या बघून मी आता लांबूनच ओळखतो कोण किती वर्षं ती गोळी घेतंय.

तर ह्या सगळ्यानंतर मी दवाखान्यात एकच गोष्ट सगळ्यांना सांगत बसतो, इतकी की कंपाउंडर पण तोंडपाठ म्हणतो. फिट आली की जोडा हुंगवू नका, कांदा हुंगवू नका, दातखिळी बसली म्हणून चमचा घालू नका (दोन दात पडलेला एक जण आहे माझ्याकडे, फिटनं नाही, चमच्यानं), पाणी पाजू नका. एका कुशीवर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ, अन् एकानं घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे, ज्यांना लिहून दिलाय त्यांनी, अन् थेट दवाखाना. बाकीच्यांपैकी कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढा, तोंड, डोळे, दोन्ही हात दिसले पाहिजेत. सुरुवातीला लोकांना हे फार वाईट वाटायचं, "माणूस मरून रायला अन् याचा काय व्हिडिओ काढता." आधी वेळ विचारली की उत्तर यायचं "अर्धा घंटा चालली", नाहीतर "एक बिडी सरेपर्यंत". एका बाईच्या नवऱ्याला बिडी पेटवून दाखवायला सांगितली होती मी, मोजली, सव्वासहा मिनिटं. मग कळलं की तो अर्धी झाली की विझवून कानावर ठेवतो.

परवा रात्री साडेबाराला व्हॉट्सॅपवर व्हिडिओ आला, महाराजांच्याच गावाचा नंबर, दुसरं घर. लाइन गेलेली, पूर्ण काळोख, दिसत काहीच नाही. फक्त खाट वाजल्याचा आवाज, कोणीतरी "कुशीवर कर, कुशीवर" म्हणतोय, एक पोट्टं रडतंय, आणि एक बुढी जोरात ओरडते आहे, "जोडा ठेव बे खाली! घडी पाह्य, घडी!" मग बॅटरीचा उजेड, भिंतीवरच्या घड्याळावर. पूर्ण व्हिडिओभर कॅमेरा त्या घड्याळावरच. पेशंट एक सेकंदही दिसत नाही. दोन मिनिटं दहा सेकंद.